मिरवणे आणि लीन होणे

प्रौढी, शेखी आणि बढाई. मराठीत तिघींचा अर्थ जवळपास एकच, पण त्या आल्या तीन दिशांनी. प्रौढी संस्कृतातली. प्र आणि वह् यांपासून झालेले 'प्रौढ' म्हणजे पूर्ण वाढलेले. शेखी फारसीच्या वाटेने आलेली. तिच्या मुळाशी अरबी 'शैख', म्हणजे वयोवृद्ध माणूस आणि त्यावरून टोळीचा प्रमुख. बढाई उत्तरेकडून, हिंदीतून आलेली दिसते. तिच्यामागे 'बडा' आणि प्राकृत 'वड्ड' असावेत, आपले 'वडील' याच गोत्रातले. शिवाय 'बढणे'चाही आधार तिला मिळाला असावा, आणि त्याच्यामागे तर वृध् हा धातू उघडच उभा आहे.

म्हणजे तिन्ही शब्दांचा उगम वयात किंवा वाढीत आहे. वडीलधाऱ्याने स्वतःविषयी चार शब्द बोलावेत, हा त्याचा मान. ते वय, ती वाढ अंगी नसताना कोणी तो मान परस्पर उचलला की त्याची शेखी होते. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता हाच प्रवास केला असावा.

या शब्दांना मराठीने क्रियापदही नेमके जोडून दिले आहे: मिरवणे. शेखी मिरवतात, प्रौढी मिरवतात, डौल, तोरा आणि टेंभाही मिरवतात. मिरवणूक रिकाम्या रस्त्यावरून निघत नाही, बघे लागतातच. संस्कृत व्याकरणाने ही गोष्ट फार पूर्वी टिपली आहे. 'श्लाघ्' या धातूचे अर्थ दोन, स्तुती करणे आणि बढाई मारणे, आणि धातू आत्मनेपदी. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात पाणिनी सांगतो, की श्लाघ् वापरताना ज्याला आपले म्हणणे कळावे अशी बोलणाऱ्याची इच्छा असते, त्याची चतुर्थी होते. त्यासाठी त्याचा शब्द आहे 'ज्ञीप्स्यमान'. देवदत्तापुढे फुशारकी मारायची तर संस्कृतात ती 'देवदत्ताय' मारावी लागते. ऐकणारा हवा, हे तत्त्व इथे थेट विभक्तीत येऊन बसले आहे.

ही चतुर्थी हाताशी ठेवून आरंभीच्या ख्रिस्ती लेखनाकडे वळू. बढाई आणि लीनता या जोडीवर जितका भाषिक खटाटोप त्या पहिल्या शतकांत झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल.

सुरुवात हिब्रूपासून करावी लागते. ह-ल-ल या तीन व्यंजनांचा धातू, अर्थ स्तुती करणे. 'हालेलूया' यातूनच आले: 'हालेलू', स्तुती करा, आणि 'याह', म्हणजे परमेश्वर. हिब्रूत धातूला एक आत्मवाचक रूप देता येते, ज्यात क्रिया कर्त्याकडेच परत वळते. ह-ल-लचे तसे रूप 'हिथहल्लेल', म्हणजे स्वतःची स्तुती करणे, अर्थात बढाई मारणे. श्लाघ् आणि ह-ल-ल या दोन धातूंचा वंशाने काडीचा संबंध नाही, तरी दोघांनी स्तुती आणि आत्मस्तुती एकाच मुळावर वाढवल्या. बढाई म्हणजे उलट्या दिशेने वळलेले स्तोत्र, असे हिब्रू भाषेला वाटत असावे. याच तीन व्यंजनांतून वेडेपणाचा अर्थही निघतो. तो धातू वेगळा की हाच, यावर विद्वानांत मतभेद दिसतात. पण बढाई आणि वेडेपणा यांचे शेजारपण लक्षात ठेवावे, कारण ख्रिस्ती प्रेषित पौल त्याचा पुढे उपयोग करणार आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायात हे हिथहल्लेल ओळीने येते. ज्ञान्याने ज्ञानात, बलवानाने बळात, धनवानाने धनात स्वतःला मिरवू नये. मिरवायचेच असेल तर परमेश्वराची ओळख पटली, यात मिरवावे. या तिघांसाठी मराठीत तीन शब्द तयारच आहेत. ज्ञानाची बढाई मारणारा तो शहाणा, मूळ 'सज्ञान', आणि फारच झाले तर दीडशहाणा. बळाची ती गुर्मी, फारसी 'गर्मी'वरून आलेली असावी. धनाची ती आढ्यता, 'आढ्य' म्हणजे संपन्न. यिर्मयाची यादी जणू मराठीच्या कोशातूनच उतरली आहे.

हिब्रू धर्मग्रंथ इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ग्रीकमध्ये उतरले, त्या सेप्टुअजिंट भाषांतरात यिर्मयाच्या या जागी 'कौखाओमाय' हे क्रियापद योजले गेले. नव्या करारात हा शब्द आणि त्याची नामे साठाच्या आसपास वेळा येतात, आणि त्यांतली पन्नासाहून अधिक एकट्या पौलाच्या नावच्या पत्रांत. पत्रांमध्येही सर्वांत मोठा वाटा करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा. हे योगायोगाने झालेले नाही.

इसवी सनापूर्वी 146 मध्ये रोमनांनी करिंथ उद्ध्वस्त केले, आणि 44 मध्ये जूलियस सीझरने ते वसाहत म्हणून नव्याने वसवले. नव्या वस्तीत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. जिथे जुनी घराणी नाहीत तिथे मोठेपण आपल्याच हाताने कोरून घ्यावे लागते, आणि करिंथच्या उत्खननात ते कोरीव काम सापडते. पहिल्या शतकात बाब्बियस फिलिनस नावाच्या एका धनिकाने तिथे खांबांची एक गोल वास्तू उभारली. तिच्यावरचा लेख सांगतो, की हे काम बाब्बियसने स्वखर्चाने केले, आणि नगराचा दंडाधिकारी या नात्याने त्याच बाब्बियसने ते मंजूरही केले. हा लेख एकदा कोरून त्याचे भागले नाही. एक वर, खांबांवरच्या तुळईवर, आणि एक खाली जोत्यावर, असा तो दोनदा कोरलेला आहे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याचा ज्ञीप्स्यमान होता.

या गावातल्या लहानशा मंडळीला पौलाने इ.स. 55च्या आगेमागे पत्रे लिहिली. पहिल्या पत्रात तो तिथल्या ऐटीसाठी एक खास क्रियापद पुन्हापुन्हा वापरतो: 'फिसिओओ', फुगणे. नात्याचा शब्द 'फिसा', म्हणजे लोहाराचा भाता. आपला भाता संस्कृत 'भस्त्रा'वरून आलेला, भस्त्रिका प्राणायामातही तीच आहे. 'फिसा' मात्र फुंकेच्या आवाजावरून पडलेला शब्द दिसतो. आपले फुगणे, फुगा, फुंकर आणि बहुधा फुशारकीही त्याच जातीचे. ओठांतून हवा सोडताना जो आवाज होतो त्यावर दोन्ही भाषांनी गर्विष्ठाचे वर्णन बेतले. ज्ञान फुगवते आणि प्रीती बांधून काढते, असा विरोध पौल मांडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकीकडे भाता आणि दुसरीकडे गवंडीकाम असावे.

फुगण्याची उलट बाजू वजनाची. हिब्रूत गौरवाला 'कावोद' म्हणतात आणि त्याचा धातू जड असण्याचा. संस्कृत 'गौरव' हुबेहूब तसेच: गुरु म्हणजे जड, त्याचे भाववाचक गौरव. 'गर्व' हाही गुरूच्याच नात्यातला असावा असा तर्क जुन्या कोशकारांनी केला आहे. तो खरा असेल, तर गौरव आणि गर्व सख्खे भाऊ ठरतात. सेप्टुअजिंटच्या भाषांतरकारांनी कावोदसाठी ग्रीक शब्द निवडला 'डोक्सा'. त्याचा मूळ अर्थ वाटणे, मत, आणि त्यावरून लोकांचे आपल्याविषयीचे मत, म्हणजे लौकिक. जडत्वाच्या शब्दाला 'लोकांना वाटते' या अर्थाचा प्रतिशब्द मिळाला. पौल बहुभाषी माणूस. दुसऱ्या पत्रात तो 'गौरवाचे वजन' असा शब्दप्रयोग करतो, तेव्हा ग्रीक डोक्साच्या आत त्याला हिब्रू कावोद ऐकू येत असावा. आणि फिलिप्पैकरांना तो 'केनोडोक्सिया' टाळायला सांगतो. केनोस म्हणजे रिकामे. वजनच नाही असा गौरव, भाता चालवून उभा केलेला.

पौल बढाई बंद करा म्हणत नाही. तो यिर्मयाचा संदर्भ देऊन म्हणतो, की बढाई मारणाऱ्याने ती प्रभूमध्ये मारावी. दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर स्वतःच बढाईला बसतो. करिंथात काही उपदेशक आपली योग्यता वाजवून सांगत होते, त्यांना त्यांच्याच रीतीने उत्तर देतो. आरंभीच बजावतो, की हे आपण वेड्यासारखे बोलत आहोत. बढाई आणि वेडेपणा यांचे शेजारपण लक्षात ठेवायला सांगितले होते, ते यासाठी.

त्या काळच्या वाचकाला पराक्रमांच्या याद्या ओळखीच्या होत्या. सम्राट ऑगस्टसने आपल्या कर्तृत्वाची जंत्री स्वतः लिहून ठेवली, आणि त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ.स. 14 नंतर, ती साम्राज्यात कोरली गेली. अंकारातल्या मंदिराच्या भिंतीवर ती अजून वाचता येते. पौलही आकडे देतो. पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटले. रचना पराक्रमाच्या यादीची, आत मात्र सगळा मार. आणि शेवटी कळसाच्या जागी येते एक टोपली. दिमिष्क नगरात अरीतास राजाच्या सुभेदाराने त्याला धरायला पहारा बसवला होता. तटाच्या खिडकीतून त्याला टोपलीत घालून खाली सोडले, आणि तो निसटला. टोपलीसाठी त्याचा शब्द 'सार्गानी', दोरखंडाची विणलेली पाटी. हीच हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत सांगितली आहे, तिथे शब्द आहे 'स्पिरिस', नेहमीची हारा-टोपली. पौलाला मात्र आपण बसलो होतो ते विणकाम नेमके आठवत असावे. शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या शिपायाला रोमन सैन्यात तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट मिळे. त्या मुकुटाच्या जागी पौलाने तटावरून खाली येण्याची गोष्ट मुद्दाम ठेवली, असे काही अभ्यासकांना वाटते. वाचणाऱ्यालाही तसे वाटल्यावाचून राहत नाही.

याच पत्रात आधी एक मिरवणूकही येते. क्रियापद 'थ्रिआंबेवो', रोमन विजययात्रेसाठी ग्रीकमध्ये वापरात असलेले. देव आपल्याला नेहमी विजययात्रेतून नेतो, असे पौल म्हणतो. भाविक वाचकाला वाटते, आपण विजेत्याच्या रथाशेजारी आहोत. पण या क्रियापदाचे कर्म माणूस असेल, तर तो माणूस बहुधा पकडलेला कैदी असतो. साखळदंडात, बघ्यांच्या समोरून चालवलेला. म्हणजे पौल मिरवणुकीत आहे, पण मिरवतो आहे दुसराच. मराठीतले 'मिरवणे' आणि 'मिरवले जाणे' यांतले अंतर या एका क्रियापदात सामावले आहे.

आता दुसऱ्या पलड्याकडे येऊ. ग्रीक 'तापेइनोस' म्हणजे सखल. सखल जमीन, उथळ नदी, खालच्या दर्जाचा माणूस. प्लेटोच्या 'नॉमोई' या ग्रंथात एका ठिकाणी हा शब्द चांगल्या अर्थाने येतो, पण एकंदर ग्रीक साहित्यात तो हिणवण्याचाच आहे. त्यावरून झालेले 'तापेइनोफ्रोसिनी', सखल मनोवृत्ती, हे नाम पहिल्या शतकाच्या आधी सापडत नाही. सापडते तेव्हा पहा कसे. तत्त्वज्ञ एपिक्टेटस त्याला लाळघोटेपणाच्या शेजारी बसवतो. इतिहासकार योसेफस सांगतो, की इ.स. 69 मध्ये मारल्या गेलेल्या गाल्बा सम्राटावर शिपायांनी याच शब्दाचा ठपका ठेवला होता, म्हणजे क्षुद्रपणाचा. आणि त्याच शतकात फिलिप्पैकरांस पत्रात हाच शब्द केनोडोक्सियाच्या समोर, एकाच वाक्यात, सद्गुण म्हणून उभा राहतो. पोकळ गौरव सोडा, सखल मन धरा. पाठोपाठ त्याच अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिकामे केले, स्वतःला सखल केले, असे येते. 'रिकामे' आणि 'सखल' हे दोन्ही शब्द आदल्या वाक्यांतलेच. ज्याला खऱ्या अर्थाने गौरव आहे त्याने तो रिता केला, आणि ज्यांचा मुळातच रिता आहे ते तो फुगवत बसले आहेत, हा विरोध शब्दांच्या नुसत्या जागांनी उभा केला आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर आपली शेखीच समोर येते. लेखक आधी 'प्रेस्बिटेरोस' मंडळींना बोलतो. शब्दशः अधिक वयाचे, म्हणजे नेमके शैख. यावरून पुढे चर्चमधल्या पदाचे नाव झाले, आणि इंग्रजीतला 'प्रीस्ट' ही त्याचीच झीज. आपणही तुमच्यातलाच एक वडील, असे म्हणून लेखक त्यांना धनीपणा गाजवू नका म्हणून सांगतो. मग तरुणांना, आणि मग सर्वांनाच तापेइनोफ्रोसिनी अंगावर बांधायला सांगतो. 'बांधणे' यासाठी क्रियापद आहे 'एंकोम्बोओमाय', आत बसला आहे 'कोम्बोस', गाठ. 'एंकोम्बोमा' म्हणजे गुलामांनी कामाच्या वेळी अंगरख्यावर गाठ मारून बांधायचे फडके. वयाच्या अधिकाराने जे शैख आहेत त्यांच्या कमरेला गड्याचे फडके. शेखी उतरवण्याचा याहून नेमका उपाय कोणा शब्दकाराला सुचला नसता.

लॅटिनने सखलपणा आणखी खाली नेला. 'हुमिलिस' आले 'हुमुस'पासून, म्हणजे माती. ग्रीकमधला सगोत्र शब्द 'खामाय', जमिनीवर. कॅमोमाइलच्या चहातला 'कॅमो' तोच: जमिनीलगतचे सफरचंद. पूर्वेकडे अवेस्तात 'झम्', फारसीत 'जमीन', संस्कृतात 'क्ष्मा' आणि पृथ्वीवाचक 'क्षमा'. म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन आणि लॅटिनची हुमिलितास एकाच मूळ शब्दाच्या लेकी. सहन करणे या अर्थाची क्षमा वेगळ्या धातूची असावी, पण अमरकोशात पृथ्वीला 'सर्वंसहा' असेही नाव आहे, तेव्हा बोलणाऱ्यांच्या मनात दोन्ही क्षमा केव्हाच एक झाल्या असणार. फारसीचा स्वतःचा नम्रतावाचक 'खाकसार', धुळीसारखा, हाही मातीतलाच. समोरच्या बाजूला लॅटिन 'सुपेर्बिया', म्हणजे गर्व. तिच्यातला 'सुपेर' आणि आपला 'उपरि' सगोत्र. एकीकडे जमीन, दुसरीकडे उपरि. बिशप ऑगस्टीनने इ.स. 410 मध्ये दिऑस्कोरस नावाच्या तरुणाला लिहिलेल्या पत्रात ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीसची आख्यायिका सांगितली आहे. वक्तृत्वात पहिले काय, दुसरे काय, तिसरे काय, या प्रत्येक प्रश्नाला त्याने 'सादरीकरण' हेच उत्तर दिले. तसेच सत्याच्या वाटेविषयी विचारशील, तर पहिली हुमिलितास, दुसरी हुमिलितास, तिसरीही तीच. वक्त्याची कला पाठीशी असलेल्या माणसाने वक्तृत्वाच्या गोष्टीला मातीचे उत्तर द्यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

पण शब्द सद्गुण झाला की त्याचे नाणे चालू लागते, आणि नाणे चालले की खोटेही निघते. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातच आवडीने पांघरलेल्या तापेइनोफ्रोसिनीविषयी इशारा आहे, आणि त्याच वाक्यात भात्याचे 'फिसिओओ' पुन्हा येते. सखलपणासुद्धा फुगू शकतो, हे इतक्या लवकर ध्यानात आले होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाच्या संन्याशाने आठ दुष्ट विचारांची यादी केली, तीत केनोडोक्सिया आणि गर्व यांना वेगवेगळे स्थान दिले. पोकळ गौरवाला बघे लागतात, गर्वाला तेही लागत नाहीत, असा त्या भेदाचा मथितार्थ असावा. सातव्या शतकात सिनाय पर्वतावरच्या योहान क्लिमाकसने पोकळ गौरवाला तीन टोकांच्या काट्याची उपमा दिली. उपवास केला तरी तो टोचतो, लपवण्यासाठी मोडला तरी टोचतो. चांगले नेसा, फाटके नेसा, बोला, गप्प बसा, एक टोक वर राहतेच. काट्याचे ग्रीक नाव 'त्रिबोलोस'. वनस्पतिशास्त्रात 'त्रिब्युलस' म्हणून जी वेल ओळखली जाते ती आपल्या रानातला सराटा, म्हणजेच गोखरू, संस्कृत 'गोक्षुर'. अनवाणी चालणाऱ्याला क्लिमाकसचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही.

मग या काट्यातून सुटका कुठे? मला ती विभक्तीत दिसते. तापेइनोस, हुमिलिस, अगदी नम् धातूचा 'नम्र' हेसुद्धा, सगळे उंची मोजणारे शब्द आहेत: सखल, मातीलगत, वाकलेला. उंची मोजली की खालीपणाचीही स्पर्धा लावता येते. मराठी बायबलात ख्रिस्ताच्या तापेइनोस मनासाठी 'लीन' हा शब्द आला आहे, आणि त्याची जात वेगळी. धातू 'ली', म्हणजे चिकटणे, विरणे. लय, विलय, आलय, तल्लीन ही त्याचीच मंडळी. लीनतेला उंची नसते, तिला विचारावे लागते, कशात? आणि उत्तर सप्तमीत येते. पौलाच्या 'कौखाओमाय'लाही हाच प्रश्न पडतो. त्याच्याबरोबर ग्रीकमध्ये 'एन' येतो, यिर्मयाच्या हिब्रूत 'बे', दोन्हींचा अर्थ 'मध्ये'. एनसोबतच्या ग्रीक चतुर्थीने तर जुनी सप्तमी पोटात घेतलेली आहे.

पाणिनीचे लक्ष बढाई कोणाला ऐकवायची याकडे होते, आणि माणसांच्या बढाईचे त्याने केलेले निदान अचूक आहे. बाब्बियसचा शिलालेख चतुर्थीतच जगला. पहिल्या ख्रिस्ती शिक्षकांनी बढाईचे क्रियापद टाकून दिले नाही, सखलपणाचा हिणकस शब्दही टाळला नाही. दोन्ही उचलले आणि एकाच सप्तमीला बांधले: ज्याच्यात लीन व्हायचे, मिरवायचे ते त्याच्यातच. तिथे ह-ल-लचे उलटे वळलेले स्तोत्र पुन्हा सरळ होते आणि हिथहल्लेलचा परत हालेलूया होतो. मराठीत 'अभिमान' हा शब्द दुर्गुण आणि सद्गुण दोन्ही आहे, आणि बढाईची ही वाक्ये मराठी बायबलाने अभिमानाच्याच आधारे उतरवली आहेत. कोणाचा अभिमान आणि कशात, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाचा बरा-वाईट अर्थ ठरत नाही, आणि त्या शिक्षकांचे सांगणेही इतकेच होते.